बेवफाईची फी कोण भरतं?

फेब्रुवारी २०२२ मधली गोष्ट. करोनानंतर शाळा नुकत्याच पुन्हा भरू लागल्या होत्या. मधल्या सुट्टीत आमच्या स्टाफरूममध्ये 'गहराइयां' या चित्रपटावरून वाद पेटला. चित्रपट थिएटरात आलाच नव्हता, थेट मोबाइलवर आला होता. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सरांचं म्हणणं, ही उघड बेहयाई आहे, मुलांच्या हातातले मोबाइल काढून घेतले पाहिजेत. नव्याने लागलेल्या एका सहकाऱ्याचं म्हणणं, लोक असेच वागतात, पडद्याने ते दाखवलं तर एवढं काय बिघडलं? घंटा होईपर्यंत दोघे भांडले. दोघांनीही चित्रपट शेवटपर्यंत पाहिलेला होता हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं. मीही पाहिला होता. मी दोघांच्याही बाजूने थोडं थोडं बोललो आणि वर्गावर गेलो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला मराठी आणि इतिहास शिकवतो. घरात दखनी, शाळेत उर्दू आणि लिहायला मराठी, असा माझा संसार आहे. बी.एड. करताना मूल्यशिक्षणाचे सराव पाठ घ्यावे लागले होते. निष्ठा, वचनपालन, कुटुंबप्रेम अशी मूल्यं फळ्यावर लिहायची आणि खाली एक बोधकथा सांगायची. पुढे कळलं की मूल्यं कोणालाही पाठ करता येतात. प्रश्न येतो तो मूल्य मोडल्यावर किंमत कोण देतं याचा. त्या दिवशी स्टाफरूममध्ये हाच प्रश्न कोणी विचारला नाही. ज्यांना पडदा नको आहे त्यांनीही नाही आणि ज्यांना तो हवा आहे त्यांनीही नाही. म्हणून हा लेख.

माझं म्हणणं सरळ आहे. हिंदी पडद्यावर वासना फार दाखवतात ही माझी तक्रार नाही. त्या वासनेचा हिशोब दाखवत नाहीत, ही आहे. आणि त्या पडद्याच्या नावाने 'तौबा' करणारे आपण आपल्या मोहल्ल्यात तोच हिशोब लपवतो, ही त्याहून मोठी तक्रार आहे.

आधी पडद्याचं पाहू. यश चोप्रांचा 'सिलसिला' आला १९८१ साली. लग्न झालेला अमित आणि लग्न झालेली चांदनी पुन्हा एकत्र येतात. त्यांच्या प्रेमासाठी हॉलंडमधल्या ट्यूलिपच्या बागा आहेत, नदीकाठ आहे, शायरी आहे. अमितची बायको शोभा हिच्यासाठी काय आहे? वाट पाहणं. शेवटी विमान कोसळतं, चांदनीच्या नवऱ्याला अमित आगीतून बाहेर काढतो आणि गरोदर बायकोकडे परत येतो. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतात. मधल्या दिवसांत शोभाने घर कसं चालवलं, लोकांना काय उत्तरं दिली, रात्री कशी काढली, हे विचारायला दिग्दर्शकाला वेळ नव्हता. त्याचा बराचसा वेळ बागेत गेला होता.

पंचवीस वर्षांनी, २००६ साली, करण जोहर यांचा 'कभी अलविदा ना कहना' आला. जागा न्यूयॉर्क. देव आणि माया आपापल्या जोडीदाराशी खोटं बोलून भेटू लागतात. या चित्रपटाने एक धाडस केलं हे मान्य केलं पाहिजे. 'सिलसिला'सारखं कोणाला घरी परत पाठवलं नाही. दोन्ही लग्नं मोडली आणि शेवटी देव-माया एकत्र आले. मोडलेलं लग्न रेटत राहण्यापेक्षा ते मोडणं बरं, हे म्हणण्याचा त्यांना हक्क आहे. पण देवला एक लहान मुलगा आहे. पाय निकामी होऊन फुटबॉल सुटल्याचा राग बाप त्या पोरावर काढतो. या मुलाचं पुढे काय झालं? तो कुणाच्या घरी झोपू लागला, शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून सही कोण करू लागलं? चित्रपट संपतो रेल्वे स्टेशनवर, प्रेमिकांच्या भेटीने. मी शिक्षक असल्यामुळे माझं लक्ष त्या पोरावरच राहिलं.

'गहराइयां' मध्ये तर मुलंही नाहीत. अलीशा आणि झैन, दोघांचेही जोडीदार आहेत, पण लग्नं झालेली नाहीत. अलिबागचं समुद्रकाठचं घर आहे, बोट आहे. इथे एक खरी गोष्ट मात्र दिग्दर्शक शकुन बत्रा यांनी पकडली. झैनच्या धंद्यात त्याच्या होणाऱ्या बायकोच्या घरचा पैसा अडकलेला आहे, म्हणून तो तिला सोडू शकत नाही. प्रेमाच्या आड व्यवहार असतो हे पहिल्यांदा कोणीतरी सांगू पाहत होतं. पण हिशोब समोर येऊ लागला तशी गोष्ट बोटीवरच्या मृत्यूकडे आणि रहस्याकडे वळली. जिथे उत्तर द्यायचं तिथे माणूस मारून टाकला की उत्तर द्यावं लागत नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, सिनेमा म्हणजे काय किराणा दुकानाची वही आहे का? माणसाच्या मनातला गुंता दाखवणं हे त्याचं काम. मान्य. पण तो गुंता हिशोबासकट दाखवता येतो, आणि आपल्याच मुंबईत तो दाखवून झालेला आहे.

१९८२ सालचा महेश भट्ट यांचा 'अर्थ' आठवा. पूजा अनाथ मुलगी, स्वतःचं घर हे तिचं लहानपणापासूनचं स्वप्न. नवरा इंदर तिच्या हातात नव्या घराची किल्ली ठेवतो. पुढे कळतं की ज्या नटीवर त्याचं मन जडलं आहे, त्या कविताच्या जोरावरच हे घर आलं. पूजा घर सोडते आणि बायकांच्या हॉस्टेलवर राहायला जाते. एका किल्लीत सगळी बेवफाई मावली. शबाना आझमींचा त्यातला संताप सगळ्यांच्या लक्षात राहतो. माझ्या लक्षात राहिली ती त्यातली मोलकरीण, रोहिणी हट्टंगडी यांनी उभी केलेली. तिचाही नवरा दुसऱ्या बाईकडे जातो. तिला एकच ध्यास आहे, पोरीला चांगल्या शाळेत घालायचं. त्यासाठी तिने हजार रुपये साठवले. नवरा ते चोरतो आणि त्या दुसऱ्या बाईवर उडवतो. मग ती त्याचा जीव घेते आणि पोलिस ठाण्यात जाऊन तसं सांगते. तिच्या डोक्यात विचार एकच, पोरीचं काय?

बघा, एकाच चित्रपटात दोन बेवफाया आहेत. फ्लॅटमधल्या साहेबाची आणि खोलीतल्या दारुड्याची. साहेबाच्या बेवफाईत घराची किल्ली जाते, दारुड्याच्या बेवफाईत शाळेची फी जाते. शेवटी इंदर परत येतो तेव्हा पूजा त्याला एवढंच विचारते की तू केलंस ते मी केलं असतं तर तू मला घरात घेतलं असतंस का? तो नाही म्हणतो. ती त्यालाही घेत नाही, तिच्यावर जीव टाकणाऱ्या गायकाचाही आधार घेत नाही. त्या मोलकरणीच्या पोरीचा हात धरून निघून जाते. ज्या चित्रपटात फी चोरीला गेली, त्याच चित्रपटात ती फी भरणारं माणूसही उभं राहिलं. याला मी हिशोब म्हणतो.

पूजाच्या त्या प्रश्नाचं उत्तर २००० साली महेश मांजरेकर यांनी 'अस्तित्व'मध्ये दिलं. हा चित्रपट हिंदीबरोबर मराठीतही झाला आणि त्याला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इथे चूक बायकोची आहे. नवरा कामाच्या दौऱ्यांवर, तिने नोकरी करायची म्हटलं तर नको म्हणणारा. एकटी अदिती गाणं शिकते आणि एकदा गाणं शिकवणाऱ्याकडे ओढली जाते. वर्षं उलटतात. मुलगा लग्नाचा होतो. मग त्या शिक्षकाचं मृत्युपत्र येतं आणि मुलगा कोणाचा हे उघड होतं. नवरा तोंड फिरवतो, पोटचा मुलगाही फिरवतो. इतक्या वर्षांचा संसार एका क्षणाच्या वजनाखाली चिरडला जातो. तिच्या बाजूने उभी राहते ती मुलाची होणारी बायको. तब्बूचा चेहरा पाहताना माझ्या मनात आलं, चूक सारखीच असली तरी बाईला तिची किंमत दामदुप्पट मोजावी लागते. तिचं घर जातं, मुलगा जातो, नावही जातं.

आता आपल्याकडे वळतो. पडद्यावर मुसलमान घर आलं की बेवफाईची गोष्ट लगेच दुसऱ्या वाटेने जाते. 'अर्थ'च्याच वर्षी, १९८२ मध्ये, बी. आर. चोप्रांचा 'निकाह' आला. आपल्या आई-मावशींनी तो रडत रडत पाहिला. तिथे नवरा वसीम कामात बुडालेला, नीलोफर एकटी. भांडण होतं आणि तो तीनदा तलाक म्हणून मोकळा होतो. दुसरा नवरा हैदर, तसा भला माणूस, पण तिची डायरी वाचून समजतो की हिचं मन अजून पहिल्याकडे आहे, आणि तिला जणू भेटवस्तूसारखं परत करायला निघतो. नीलोफर दोघांना सुनावते की मी काय एकाने दुसऱ्याला द्यायची चीज आहे का? तो प्रसंग आजही मोलाचा आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. 'अर्थ'मधली हिंदू बाई वासना, घर, पैसा आणि स्वाभिमान यांच्याशी झुंजते. 'निकाह'मधली मुसलमान बाई फक्त तलाकशी झुंजते. जणू आपल्या घरात वासना नाही, खोटेपणा नाही, चोरून केलेले फोन नाहीत, फक्त तीन शब्द आहेत.

ही चौकट अलंकृता श्रीवास्तव यांच्या 'लिपस्टिक अंडर माय बुरखा'ने मोडली. २०१७ मध्ये सेन्सॉर बोर्डाने आधी त्याला प्रमाणपत्र नाकारलं, अपील केल्यावर त्याच वर्षी जुलैमध्ये तो झळकला. आमच्या ओळखीपाळखीत बोलणं झालं ते नावातल्या बुरख्यावर. आतल्या शिरीनवर कोणी बोललं नाही. भोपाळमधली ही बाई नवऱ्याला चोरून घरोघरी वस्तू विकते आणि त्यात हुशार आहे. सौदीहून परतलेला नवरा तिच्यावर रात्री जबरदस्ती करतो आणि बाहेर दुसरी बाई ठेवतो. शिरीनला हे कळतं. किंमत कोण देतं? शिरीनच. नवरा तिचं काम बंद करतो. गुन्हा त्याचा आणि कमाई तिची बुडते. असं एकही घर तुमच्या गल्लीत नाही, असं छातीवर हात ठेवून किती वाचक सांगतील?

मी तरी सांगू शकत नाही. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, म्हणजे स्टाफरूममधल्या वादानंतर तीनेक महिन्यांनी, मी एका वलीम्याला गेलो. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलतो आहे. नवरदेव माझ्या जवळच्या ओळखीचा, चाळिशीचा. दुसरा निकाह. वर्षभर ते प्रकरण चालू होतं, मोबाइलवर दोन-दोन तास बोलणं चालायचं, हे आम्हा मित्रांना ठाऊक होतं. पहिल्या बायकोला सर्वांत शेवटी कळलं. हॉलमध्ये एकजण मला म्हणाला, "सर, हराम से तो बचा बेचारा." सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. बिर्याणी खाल्ली, लिफाफा दिला, दुआ करून घरी आलो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दहावीच्या मुलांचे बोर्डाच्या परीक्षेचे फॉर्म भरायचे होते. एका मुलीची फी आली नव्हती. दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा मी म्हणालो, उद्या तुझ्या अब्बूंना फोन करतो. ती उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सर, अब्बू को फोन नको करो. अम्मी शिलाई के पैसे आए तो देंगी." ती त्याच नवरदेवाची मुलगी होती. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तो विचार डोक्यात येऊ दिला नव्हता एवढंच. मी वलीम्याला दिलेल्या लिफाफ्यात तिची फी निघाली असती.

त्या दिवशी 'अर्थ'मधली मोलकरीण मला पुन्हा आठवली. आपल्या कहाणीत खून झाला नाही, पोलिस आले नाहीत. आपल्या कहाणीत मिठाई वाटली गेली.

इथे लगेच उत्तर येतं, सर, निकाह म्हणजे बेवफाई कशी? शरियतने परवानगी दिली आहे. हे उत्तर देणाऱ्यांना मी आदराने विचारतो, परवानगीचं वाक्य तुम्हाला तोंडपाठ आहे, मग त्याला लागून आलेली अट का विसरता? इन्साफ करता येणार नाही अशी भीती असेल तर एकच बायको, असं सूरे निसाच्या सुरुवातीलाच आहे. त्याच सूऱ्यात पुढे सांगितलं आहे की कितीही वाटलं तरी पुरता इन्साफ तुम्हाला जमणार नाही, तेव्हा एकीला लटकत ठेवू नका. लटकत ठेवलेली बाई! यापेक्षा नेमका शब्द कोणत्याही पटकथाकाराला सुचलेला नाही. आमच्या मोहल्ल्यात अशा बायका शिलाई मशीनवर बसलेल्या आहेत. आणि नजर खाली ठेवायला सांगितलं आहे ते सूरे नूरमध्ये आधी पुरुषांना, मग बायकांना. जुम्म्याच्या बयानात मात्र मी हा क्रम बहुतेक उलटाच ऐकत आलो आहे.

जे प्रकरण वर्षभर खोटं बोलून चाललं, ते शेवटी काझीसमोर नेलं म्हणून आधीचं वर्ष धुऊन निघत नाही. बायकोशी केलेली फसवणूक निकाहनाम्यावरच्या सहीने हलाल होत नाही. देव आणि मायाला आपण शिव्या देतो. त्यांनी निदान जोडीदाराला खरं सांगितलं आणि लग्नं मोडू दिली. आपला माणूस काही मोडतही नाही, खरंही सांगत नाही. दोन्ही घरांत 'साहेब' म्हणून मिरवतो.

कायद्याचीही कथा अशीच आहे. इंग्रजांनी केलेल्या दंड संहितेतल्या ४९७ कलमात व्यभिचाराला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होती, पण ती फक्त दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला. तक्रार करायची त्या बाईच्या नवऱ्याने. त्या नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. आपला नवरा बाहेर गेला म्हणून बायकोला या कलमाखाली तक्रार करता येत नव्हती. म्हणजे बायको ही मालमत्ता आणि व्यभिचार ही त्या मालमत्तेची चोरी. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केलं ते बरंच झालं. पण गुन्हा नाही म्हणजे दोषच नाही, असा अर्थ काहींनी काढला. तसं नाही. घटस्फोटासाठीचं कारण म्हणून व्यभिचार न्यायालयाने कायम ठेवला आहे. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, एका दमात तीन तलाक देणाऱ्या मुसलमान नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेचा कायदा आला. त्यावर आपण खूप बोललो, बोलायलाही हवं होतं. एका धर्माच्या नवऱ्यालाच तुरुंग का, हा प्रश्न रास्त आहे. पण १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा किती जणांनी आपल्या बहिणीला समजावून सांगितला? दोन वर्षं खर्च दिला नाही, बदनाम बायकांशी संबंध ठेवले, एकाहून अधिक बायका असताना बरोबरीने वागवलं नाही, या कारणांवर बाईला कोर्टातून निकाह मोडून घेता येतो. हे आठ दशकांहून जुनं आहे. तलाक देण्याचा हक्क गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. हा हक्क पदवी घेतलेल्या मुलींनाही माहीत नाही, कारण तो त्यांना सांगणारे आपण वलीम्यात जेवत असतो.

म्हणून ज्येष्ठ सरांना माझं सांगणं आहे, मोबाइल काढून घेऊन काही होणार नाही. बेवफाई मोबाइलवर शिकायची गरज मुलांना पडत नाही, ती घरात दिसते. मुलीला बापाच्या फोनचा पासवर्ड बदललेला आधी कळतो, सिनेमा नंतर. आणि नव्या सहकाऱ्याला सांगणं आहे, 'लोक असेच वागतात' हे वाक्य अर्धं आहे. लोक असे वागतात आणि मग कोणाची तरी फी राहते. दाखवायचं तर दोन्ही दाखवा. बागही दाखवा आणि शिलाई मशीनही.

वासनेला माझा विरोध नाही. माणसाचं मन कुठे ओढलं जाईल ते त्याच्या हातात नसतं, हे मीही मानतो. लग्नातली बाईही एकटी पडते, तिच्याही मनाला ओढ असते, आणि अदितीला आपण दगड मारतो तेव्हा तिच्या नवऱ्याचे रिकामे दिवस मोजत नाही. पण ओढ हातात नसली तरी खरं सांगणं हातात असतं. घर, मेहर, मुलांचा खर्च आधी देऊन मग पाऊल उचलणं हातात असतं. ज्याला प्रेम करायचं आहे त्याने करावं, त्याचं बिल बायको-पोरांच्या नावावर फाडू नये.

मोहल्ल्यातल्या जाणत्यांना माझी एवढीच विनंती आहे. दुसऱ्या निकाहचा दावतनामा आला की 'मुबारक' म्हणण्याआधी एक प्रश्न विचारा: पहिल्या घरचा खर्च कोण देतं? विचारणाऱ्याला लोक आगाऊ म्हणतील, म्हणू देत. मी तेव्हा विचारलं नाही. त्या मुलीची फी शेवटी तिच्या अम्मीनेच भरली, शेवटच्या दिवशी, दहा-दहाच्या नोटा मोजून. मी ऑफिसात उभा राहून पावती फाडून दिली. पावतीवर पालकाचं नाव छापील रकान्यात वडिलांचंच पडलं.